तीन विधानं, एक तलाठी

देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. आणि जगात दुरित आहे, म्हणजे दुःख आहे, क्रौर्य आहे, अन्याय आहे. ही तीन विधानं एकाच माणसाने एकाच वेळी मानणं शक्य आहे का? हा प्रश्न एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर सांगतात, म्हणजे तो ख्रिस्ती धर्मापेक्षा वयाने मोठा. पण विसाव्या शतकात त्याला खरी धार लावली जे. एल. मॅकी या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने. १९५५ साली 'माइंड' या ब्रिटिश नियतकालिकात त्याचा एक लेख आला आणि पुढची कित्येक वर्षं ख्रिस्ती तत्त्वज्ञ त्याला उत्तर देण्यात गुंतून पडले.

मॅकीची चाल नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्या मापाने बेतलेली आहेत. देव असल्याचा पुरावा नाही, एवढंच सांगून तो थांबला असता तर श्रद्धावंताचं फारसं बिघडलं नसतं. 'पुरावा नसेना का, माझी श्रद्धा आहे,' असं म्हणून तो आपल्या वाटेने गेला असता. मॅकीने ती वाटच अडवली. त्याचा आरोप असा, की ही तीन विधानं एकमेकांना खोडतात. कुठलीही दोन खरी धरली की तिसरं खोटं धरावंच लागतं. पुराव्यावाचून एखादी गोष्ट मानणं वेगळं आणि परस्परविरोधी गोष्टी मानणं वेगळं. पहिल्या प्रकाराला श्रद्धा म्हणता येईल, दुसऱ्याला फक्त गोंधळ.

विधानं पुन्हा वाचून पाहिली तर हा विरोध वरवर दिसत नाही. 'पाऊस पडतोय' आणि 'पाऊस पडत नाहीये' यांच्यासारखी ती सरळ एकमेकांवर आदळत नाहीत. विरोध दिसायला मध्ये दोन पूरक नियम घालावे लागतात आणि ते मॅकीने स्वतःच सांगितले. एक, जो चांगला असतो तो जमेल तेवढं दुरित नाहीसं करतोच. दोन, सर्वशक्तिमानाला जमणार नाही असं काही नसतं. हे दोन नियम मान्य केले की गणित सुटतं: असा देव असता तर दुरित उरलंच नसतं. दुरित उरलं आहे. तेव्हा असा देव नाही.

त्यामुळे उत्तर देणाऱ्याचं पहिलं काम या दोन नियमांची तपासणी. पहिला नियम थोडा खरवडला की सैल पडतो. गँगरीन झालेला पाय कापणारा सर्जन वेदना देतो आणि त्याला कुणी वाईट म्हणत नाही, कारण त्या वेदनेवाचून जीव वाचणार नसतो. म्हणजे नियम असा सुधारावा लागतो: चांगला माणूस जे दुरित टाळताना त्याहून मोठं काही हातचं जाणार नाही, ते टाळतो. पण सर्जनला पर्याय नसतो. देवाला नसेल असं कसं म्हणता येईल? इथे दुसरा नियम येतो. थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं, की सर्वशक्तिमान म्हणजे जे जे शक्य आहे ते सगळं करू शकणारा. चौकोनी वर्तुळ काढता येत नाही हे देवाचं दुबळेपण नव्हे, कारण चौकोनी वर्तुळ हे काही कामच नव्हे. ते फक्त दोन शब्द आहेत, शेजारी शेजारी ठेवलेले. मॅकीचाही याला मोठासा विरोध नव्हता.

आता उत्तराची जागा नेमकी दिसते. अशी एखादी मोलाची गोष्ट दाखवायची, की जी दुरिताची शक्यता न पत्करता मिळवणं हे चौकोनी वर्तुळाइतकंच अशक्य आहे. ख्रिस्ती परंपरेने फार पूर्वीपासून या जागी माणसाचं इच्छास्वातंत्र्य ठेवलं आहे.

त्याची मांडणी प्रथम जोरकसपणे केली ऑगस्टीनने. ३५४ ते ४३० हा त्याचा काळ, गाव उत्तर आफ्रिकेतलं. तरुणपणी तो नऊएक वर्षं मानी पंथाच्या नादी होता. त्या पंथाचं उत्तर सोपं होतं: जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन सत्ता आहेत आणि दुरित हे त्या दुसरीचं काम. ख्रिस्ती झाल्यावर ऑगस्टीनला ही सोय उरली नाही, कारण आता सगळ्याचा निर्माता एकच. तेव्हा त्याने दोन गोष्टी सांगितल्या. दुरित ही काही स्वतंत्र वस्तू नाही, ती उणीव आहे, अंधत्व ही जशी दृष्टीची उणीव. आणि ती उणीव जगात शिरली ती स्वतंत्र इच्छेच्या वाटेने. आपल्या आत्मकथनात त्याने सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकीकत दिली आहे. मित्रांबरोबर रात्री कुणाच्या तरी झाडाचे नासपती पाडले. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळं होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. चोरी करायची म्हणूनच चोरी केली. एवढ्याशा नासपतींवर पानंच्या पानं खर्च करणारा हा बिशप पहिल्यांदा वाचताना गमतीचा वाटतो. पण त्याला दाखवायचं आहे ते हेच: गरज, सक्ती, लोभ अशी सगळी कारणं काढून घेतल्यावरही माणूस वाकडं वागतो, आणि मग उरते फक्त त्याची इच्छा.

मॅकीला हे सगळं ठाऊक होतं. त्याने यावर जो प्रश्न विचारला तो माझ्या मते या साऱ्या वादातला सर्वांत देखणा प्रश्न आहे. माणूस एखाद्या प्रसंगी स्वतःच्या इच्छेने चांगलं निवडतो, हे तुम्ही मानता. मग प्रत्येक प्रसंगी स्वतःच्या इच्छेने चांगलंच निवडणारा माणूस अशक्य कसा? त्यात चौकोनी वर्तुळासारखं काहीच नाही. शक्य आहे, तर सर्वशक्तिमान देवाने तशीच माणसं का घडवली नाहीत? यंत्रं नकोत आणि पापीही नकोत. स्वतंत्र आणि तरीही कायम सरळ वागणारी माणसं घडवा ना.

याला उत्तर मिळायला जवळजवळ वीस वर्षं लागली. ते दिलं अल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने. तो मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सच्या कॅल्व्हिन कॉलेजात शिकवत असे. १९७४ साली त्याची दोन पुस्तकं आली, एक तर्कशास्त्राने ठासून भरलेलं आणि दुसरं, 'गॉड, फ्रीडम अँड ईव्हिल', सामान्य वाचकाला झेपेल असं. त्यातलं उदाहरण बॉस्टनच्या लाच घेणाऱ्या महापौराचं आहे. आपण ते आपल्याकडच्या माणसावर बेतून पाहू.

एका गावचा तलाठी समोर धरा. वारसनोंदीचा फेरफार अडलेला एक शेतकरी त्याच्या टेबलापुढे बसला आहे. कागदपत्रं पूर्ण आहेत, नोंद व्हायला हवी. शेतकऱ्याने सातबाऱ्याच्या उताऱ्याखालून हजार रुपये पुढे सरकवले. तलाठी पूर्ण मोकळा आहे. वरून दबाव नाही, घरात आजारपण नाही, कर्जाचा तगादा नाही. पैसे घेणं किंवा परत सारणं, दोन्ही त्याच्या हातात. म्हणजे दोन जगं शक्य आहेत. पहिल्यात तो पैसे खिशात घालतो. दुसऱ्यात तो म्हणतो, 'काका, हे ठेवा, नोंद तशीच होईल.' दुसऱ्या जगात काहीही अशक्य नाही, इथवर मॅकीचं बरोबर.

देवाला आता हे दुसरं जग हवं आहे. त्याच्या हातात काय काय आहे? तलाठी घडवणं, त्याला स्वातंत्र्य देणं, टेबल, उतारा, शेतकरी, नोटा, सगळी परिस्थिती तंतोतंत उभी करणं. इथपर्यंत दोन्ही जगं एकसारखीच आहेत. पुढचं पाऊल तलाठ्याचं. आणि समजा वस्तुस्थिती अशी आहे, की या परिस्थितीत मोकळा सोडला तर हा तलाठी पैसे घेईल. मग देवाने परिस्थिती उभी करून त्याला मोकळं सोडलं की पहिलंच जग उभं राहणार. देवाने ऐन वेळी त्याचा हात धरला तर पैसे परत जातील खरे, पण ते दुसरं जग नव्हे. दुसऱ्या जगात तलाठी स्वतःहून पैसे नाकारतो. इथे त्याला नाकारायला लावलं. दुसरं जग शक्य आहे, पण ते प्रत्यक्षात आणायला एकट्या देवाची सही पुरत नाही. तलाठ्याचीही लागते.

ही एवढीशी फट मॅकीच्या नजरेतून सुटली होती. 'शक्य आहे' आणि 'देवाला घडवून आणता येईल' ही दोन्ही एकच, असं त्याने गृहीत धरलं. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स याने १७१० साली हेच धरलं होतं: सगळी शक्य जगं देवासमोर मांडलेली आहेत, त्यातलं सर्वोत्तम त्याने उचललं, ते हे. लायब्निट्स देवाच्या बाजूचा, मॅकी विरुद्ध बाजूचा, आणि चूक दोघांची एकच. प्लँटिंगाने या चुकीला लायब्निट्सचंच नाव देऊन टाकलं.

मॅकीच्या बाजूने अजून एक डाव उरतो. हा तलाठी असा निघतोय ना, मग दुसरा घडवा. किंवा हाच ठेवा आणि त्याच्यापुढे कधी नोटा येणारच नाहीत अशी व्यवस्था करा. सर्वज्ञ देवाला कोण कुठे घसरेल हे आधीच कळत असेल, तर न घसरणारी माणसं निवडून तेवढीच जन्माला घालायला काय हरकत? प्लँटिंगाचं उत्तर इथे विलक्षण होतं. समजा, घडवता येण्याजोगी जितकी म्हणून माणसं आहेत, ती सगळीच अशी आहेत की कुठल्याही जगात, कुठल्याही परिस्थितीत, खरं नैतिक स्वातंत्र्य दिलं तर प्रत्येकजण एकदा तरी घसरेल. कुणी लाच घेईल, कुणी खोटं बोलेल, कुणी नासपती चोरेल. असं असेल तर स्वतंत्र माणसांचं पूर्ण निर्दोष जग देवाला उभं करताच येणार नाही, त्याची शक्ती कितीही असो.

'पण हे खरं कशावरून?' हा इथे सगळ्यांच्याच तोंडी येणारा प्रश्न, आणि नेमकं इथेच नीट पाहायला हवं. प्लँटिंगा हे खरं आहे असं म्हणतच नाही. हे शक्य आहे, एवढंच तो म्हणतो. त्याला त्याहून जास्त लागतच नाही. फौजदारी खटल्यात आरोपीच्या वकिलाला खरा चोर पकडून आणावा लागत नाही. सरकारी पक्षाने मांडलेली साखळी एका ठिकाणी तुटू शकते एवढं दाखवलं की त्याचं काम झालं. मॅकीचा आरोप होता की ही विधानं एकत्र खरी असूच शकत नाहीत. त्यावर ती एकत्र खरी असू शकतील अशी एक परिस्थिती दाखवली, मग ती कितीही दूरची असो, तरी आरोप पडतो. म्हणून प्लँटिंगा आपल्या मांडणीला 'बचाव' म्हणतो. देवाने दुरित का राहू दिलं याचं खरंखुरं कारण सांगणं हा वेगळा आणि कितीतरी अवघड उद्योग, त्याला त्याने हात घातला नाही.

मॅकी १९८१ साली वारला. पुढच्या वर्षी त्याचं 'द मिरॅकल ऑफ थीइझम' हे पुस्तक निघालं. त्यात प्लँटिंगावर टीका भरपूर आहे. मात्र ईश्वरवादाच्या मुख्य सिद्धांतांमध्ये तार्किक विसंगती असल्याचं दुरिताच्या प्रश्नाने सिद्ध होत नाही, एवढं त्याने मान्य केलं. हे खरं उत्तर आहे का, तो प्रश्न मात्र उघडा ठेवला. तत्त्वज्ञानात अशी कबुली दुर्मीळ. एवढ्यावरून काही ख्रिस्ती लेखक दुरिताचा प्रश्नच निकाली निघाला असं लिहितात, तेव्हा त्यांनी बचाव हा शब्द विसरून टाकलेला असतो. शिवाय यातून देव आहे असंही सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी आन्सेल्मपासून अक्वायनसपर्यंतच्या युक्तिवादांचं खातं निराळं आहे.

या बचावाची किंमतही मोजावी लागते. पहिली किंमत स्वातंत्र्याच्या कल्पनेत आहे. स्वातंत्र्य म्हणजे सक्ती नसताना स्वतःच्या इच्छेप्रमाणे वागणं, एवढीच व्याख्या धरली तर तलाठ्याला मुळात प्रामाणिक इच्छाच देऊन घडवता आलं असतं. तो स्वतंत्रही राहिला असता आणि सरळही. १९५५ सालीच अँटनी फ्लू याने हा मुद्दा मांडला होता. तेव्हा बचाव टिकवायचा तर स्वातंत्र्य म्हणजे त्याच क्षणी, त्याच परिस्थितीत, त्याच स्वभावानिशी उलटही वागता येणं, असा कडक अर्थ घ्यावा लागतो. गंमत अशी की प्लँटिंगा ज्या कॅल्व्हिनच्या परंपरेत वाढला, तिच्यात सगळं देवाने आधीच नेमलेलं आहे या शिकवणीवर भर. त्या परंपरेतल्या कित्येक धर्मशास्त्र्यांना आपल्याच घरच्या माणसाचा हा बचाव पसंत नाही.

दुसरी किंमत त्या 'समजा'मध्ये दडली आहे. 'मोकळा सोडला तर हा तलाठी पैसे घेईल,' हे वाक्य तलाठी जन्मायच्या आधी खरं असतं ते कशामुळे? तलाठी अजून नाही, प्रसंग घडलेला नाही, आणि त्याचा स्वभाव त्याला बांधत नाही असं तर आपण आत्ताच म्हटलं. लुइस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाने १५८८ साली लिस्बनमध्ये छापलेल्या ग्रंथात देवाला अशा वाक्यांचं ज्ञान असतं असं मांडलं, आणि डॉमिनिकन धर्मशास्त्री त्याच्यावर तुटून पडले. रॉबर्ट अ‍ॅडम्सने १९७७ साली तोच आक्षेप आजच्या भाषेत उभा केला. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. मात्र तो मान्य केला तरी मॅकीचा फायदा होत नाही. अशी वाक्यं खरीही नसतात आणि खोटीही नसतात म्हटलं, तर कोण घसरेल हे देवालाही आधी कळणार नाही, आणि मग न घसरणारे निवडून घडवण्याचा प्रश्नच मिटतो.

तिसरी किंमत ख्रिस्ती माणसाला पडते. त्याची श्रद्धा अशी, की स्वर्गात पाप नाही. तिथले लोक स्वतंत्र नाहीत का? नसतील तर स्वातंत्र्य एवढं मोलाचं कसं, आणि असतील तर स्वर्गच आधी का उभारला नाही? यावर जरा बरं उत्तर मिळतं ते दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या बिशपच्या वळणाचं. १९६६ साली जॉन हिक याने त्याच्यावर एक पुस्तकच उभं केलं. माणूस परिपूर्ण घडवलेला नाही, अर्धाकच्चा आहे; घसरत, सावरत, स्वतःच्या निवडींनी त्याचा स्वभाव पक्का होत जातो. स्वर्गातला माणूस पाप करत नाही, कारण त्याने स्वतःला तसं घडवलेलं असतं. अशी स्वतः कमावलेली घडण देवाला तयार माल म्हणून देता येत नाही. पण मग अर्ध्या वाटेत मेलेल्या मुलाचं काय, हा पुढचा प्रश्न येतोच. हिकला त्यासाठी मृत्यूनंतरही ही घडण चालू राहते असं मानावं लागलं.

आतापर्यंत आपण माणसाने केलेल्या दुरिताबद्दल बोललो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी लिस्बन हादरलं तेव्हा कुणी काही निवडलं नव्हतं. सर्व संतांचा सण होता, चर्च भरलेली होती. वेदीवर मेणबत्त्या होत्या, घराघरांत चुली पेटल्या होत्या. भूकंपात भिंती पडल्या आणि आगी लागल्या, नदीकाठाकडे धावलेल्यांवर समुद्र चालून आला. हजारो माणसं मेली. व्हॉल्टेअरने आधी एक दीर्घ कविता आणि मग १७५९ साली 'कांदीद' लिहून लायब्निट्सच्या सर्वोत्तम जगाची जी टिंगल केली, तिच्यातून ते तत्त्वज्ञान पुन्हा फारसं वर आलं नाही.

भूकंपाला इच्छास्वातंत्र्याचा बचाव लागू करायचा तर कसा? प्लँटिंगा सांगतो, की माणसाखेरीज इतरही स्वतंत्र जीव असू शकतील, सैतान आणि त्याच्या साथीदारांसारखे, आणि निसर्गातला उत्पात ही त्यांची करणी असू शकेल. यावर वाचक हसतो. पण शक्यतेपुरतं बोलायचं ठरलं असेल तर तर्काच्या हिशेबात हे चालून जातं. त्याच वेळी बचावाचं तोकडेपणही याहून स्पष्ट कुठे दिसत नाही: मातीखाली सापडलेल्या माणसाच्या घरच्यांना हे जाऊन सांगण्याची कुणाची छाती होणार नाही. ऑक्सफर्डच्या रिचर्ड स्विनबर्नचं उत्तर जास्त जमिनीवरचं आहे. निवड खरी व्हायची तर परिणाम ठाऊक हवेत, परिणाम ठाऊक व्हायचे तर निसर्गाचे नियम पक्के हवेत. विस्तव नेहमीच भाजतो म्हणूनच दुसऱ्याला भाजायचं की वाचवायचं हे ठरवता येतं. हे पटतं, पण त्यातून नियम असण्याचं कारण कळतं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या लहान मुलांवर हे का कोसळावं, ते कळत नाही.

मराठी वाचक इथे एव्हाना चुळबुळला असेल, कारण आपल्याकडे या प्रश्नाला उत्तर तयार असतं: पूर्वजन्मीचं कर्म. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि निष्ठुरपणाचा आरोप घेऊन त्याचं निरसन केलं आहे. ईश्वर प्राण्यांच्या कर्माप्रमाणे फळ देतो आणि संसाराला आरंभ नाही. ख्रिस्ती माणसाला हे दार बंद आहे. त्याच्या लेखी प्रत्येक जीव नव्याने निर्माण झालेला, जन्म एकच. म्हणून त्याला स्वातंत्र्यावर एवढा भार टाकावा लागतो.

ही दोन्ही बाजूंची झटापट एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळते. काशीत वाढलेले चित्पावन नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४४-४५च्या सुमारास, वयाच्या विशीत, 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ रचला. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती मताची थोरवी गायली होती, तिला हे उत्तर होतं. पूर्वकर्म नाकारलं तर जन्मतःच वाट्याला आलेल्या दुःखाचा दोष देवावरच जातो, हा त्यांच्या बाजूचा मुद्दा. १८४८ साली याच शास्त्रीबुवांनी जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० साली 'षड्दर्शन दर्पण' लिहून त्यांनी दर्शनांचंच खंडन केलं. अनादी कर्माविरुद्धचा युक्तिवाद थोडक्यात असा: या जन्मीचं दुःख मागच्या जन्मावर, तिथलं त्याच्या मागच्यावर, असं ढकलत गेलं तर जाब कुठेच द्यावा लागत नाही, फक्त पुढची तारीख पडत राहते. दोन्ही युक्तिवादांना माझ्या मते धार आहे. दुसऱ्याचं उत्तर पाडणं इथे आपलं उभं करण्यापेक्षा नेहमीच सोपं जातं. सनातन नरकाच्या शिकवणीने मात्र गोऱ्यांना अस्वस्थ केलं, आणि स्वातंत्र्याच्या बचावाने तो प्रश्न हलका होण्याऐवजी जडच होतो.

प्लँटिंगाच्या बचावानंतर वाद थंडावला नाही, त्याने मैदान बदललं. १९७९ साली विल्यम रो या अमेरिकन तत्त्वज्ञाने विसंगतीचा आरोप सोडून दिला आणि एक हरणाचं पाडस पुढे केलं. दूरच्या रानात वीज पडते, वणवा लागतो, पाडस होरपळतं आणि कित्येक दिवस तडफडून मरतं. कुणाला कळत नाही, कुणी त्यातून काही शिकत नाही, कुणाची करुणा जागी होत नाही. या वेदनेवाचून कुठलं मोठं भलं अडलं असतं? आपल्याला दिसत नाही. असं कारण दिसत नसलेलं दुःख जगात पोत्याने आहे. तेव्हा देव अशक्य ठरत नाही, पण तो नसावा हे जास्त संभवनीय ठरतं.

इथे 'शक्य आहे' म्हणून भागत नाही. स्टीव्हन विक्स्ट्रा याने १९८४ साली वेगळा मार्ग धरला. कारण दिसत नाही यावरून कारण नाही असं म्हणायचं, तर ते असतं तर आपल्याला दिसलं असतं, एवढी तरी खात्री हवी. देवाची बुद्धी आणि आपली बुद्धी यांत जे अंतर मानलं जातं, ते पाहता अशी खात्री कुणी द्यावी? उत्तर हुशारीचं आहे, पण त्याचं पातं दोन्हीकडून कापतं. देवाची कारणं आपल्याला मुळीच कळत नसतील, तर त्याने दिलेली वचनं तो पाळेलच, हे तरी कशाच्या बळावर म्हणायचं?

याहून वेगळा स्वर डोस्टोयेव्हस्कीच्या कादंबरीतल्या इव्हान कारामाझोवचा. त्याचं म्हणणं, कारण असेलही, सगळं शेवटी जुळूनही येईल. पण एका लेकराच्या छळावर ती जुळणी उभी असेल तर मला तिच्यात भाग नको. हे तर्काचं खंडन नाही, नकार आहे, म्हणून तर्काने त्याला उत्तर देता येत नाही. मॅरिलिन मॅकॉर्ड अ‍ॅडम्स ही तत्त्वज्ञ धर्मगुरूही होती. तिने १९९९च्या पुस्तकात इव्हानची अटच उचलून धरली: दुःख एकाला आणि भलं दुसऱ्याला, असा हिशेब चालणार नाही. ज्याच्या आयुष्याचे लचके तोडले गेले, त्याच माणसाला ते आयुष्य पुन्हा मोलाचं वाटलं पाहिजे. त्यासाठी ती इच्छास्वातंत्र्यापाशी न थांबता थेट क्रुसाकडे जाते. देवाने स्वतः छळ आणि बेइज्जतीचं मरण सोसलं असेल, तर छळलेल्या माणसाचा सर्वांत वाईट क्षणसुद्धा देवाच्या सोबतीचा क्षण ठरू शकतो. श्रद्धा नसलेल्याला हे पटणार नाही, आणि तशी तिची अपेक्षाही नाही. पण आतापर्यंतची सगळी उत्तरं कुठल्याही एकेश्वरवाद्याला वापरता आली असती. खास ख्रिस्ती म्हणावं असं हेच.

सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने १९४० साली 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' लिहिलं, इच्छास्वातंत्र्याचा युक्तिवाद सामान्य वाचकापर्यंत नेणारं बहुधा सर्वांत खपलेलं पुस्तक. वीस वर्षांनी त्याची बायको कर्करोगाने गेली, आणि १९६१ साली त्याने टोपणनावाने जी टिपणं छापली त्यांत देवाच्या बंद दारांविषयीचा संताप आहे. जुनं पुस्तक त्याने मागे घेतलं नाही. ते घ्यायची गरजही नव्हती, कारण विसंगती नाही हे दाखवणं आणि मर्तिकाच्या घरी जाऊन बसणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिल्याची सामग्री घेऊन दुसऱ्याला निघालेला माणूस नुसता निरुपयोगी नव्हे, त्रासदायक ठरतो.

रोच्या पाडसाचा हिशेब मात्र आजही बाकी आहे. त्याने काही निवडलं नव्हतं, त्याला स्वभाव घडवायचा नव्हता, आणि माणूस पृथ्वीवर यायच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी असेच मरत आले. आदामाच्या पापाला हे जोडता येत नाही. मायकेल मरी याने २००८ साली एक अख्खं पुस्तक याच एका प्रश्नावर लिहिलं. लुईसच्या पुस्तकातही प्राण्यांच्या वेदनेवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातलं सगळं अंदाजाने लिहिलं आहे, हे तो वाचकाला स्वतःच सांगतो.